बुटातून आलेला तेरडा

मी बोलतोय, पण जरा लांबूनच ऐका. जवळ आलात आणि धक्का लागला तर माझा नेम नाही. शेंग पिकत आली की मी माझ्या ताब्यात राहत नाही. वाऱ्याची झुळूक पुरते, माशी बसली तरी पुरते. फटकन फुटतो आणि बी कुठल्या कुठे जाऊन पडतं. म्हणून मला ओळखणारी माणसं दोन पावलं मागे उभी राहतात. तुम्हीही राहा, राग मानू नका.

मी तेरडा. पण तुमच्याकडे गौरी म्हणून पाटावर बसतो तो तेरडा मी नव्हे. तो माझा चुलत भाऊ, बुटका आणि मानाचा. त्याच्या वाट्याला हळदकुंकू येतं, माझ्या वाट्याला शिव्या. आमचं घराणं हिमालयातलं. कुणा एका साहेबाला आमची गुलाबी फुलं आवडली, म्हणून माझ्या खापरपणजोबांचं बी बोटीतून विलायतेला गेलं. मडमांनी हौसेने बागेत लावलं, एकमेकींना पुड्या बांधून वाटलं. आम्ही जात्याच उतावळे. बागेच्या भिंतीवरून ओढ्यात उतरलो, ओढ्याने नदीत गेलो, आणि बघता बघता दोन्ही काठ आमचे झाले. बोलावून आणलेला पाहुणा जायचं नाव घेईना की यजमानाचं तोंड जसं होतं, तसं मग अख्ख्या देशाचं झालं.

आमचंही चुकतं, खोटं कशाला बोलू? उन्हाळ्यात मी माणसाच्या डोक्यावरून जातो. माझ्या सावलीत दुसरं काही जगत नाही. आणि पहिली कडक थंडी पडली की मीच लोळागोळा होऊन मरतो. मग काठ उघडाबोडका राहतो आणि पुराबरोबर माती वाहून जाते. तेव्हा मला उपटणाऱ्यांचा मी राग करत नाही. फक्त ते ज्या पद्धतीने उपटायचे त्याचं मला हसू यायचं.

थॉर्नबेक हे यॉर्कशरच्या डोंगरांतलं गाव. दगडी घरं, मेंढ्या, प्रार्थनेचं एक छोटं चॅपल आणि सगळ्यांच्या परसांमागून वाहणारा ओढा. इथे आम्हाला उपटायचा सणच असतो. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी सुट्टी असते. त्या दिवशी सगळे गमबूट चढवून ओढ्यात उतरतात, आम्हाला मुळासकट उपटतात, कमरेत मोडतात, ढीग लावतात आणि चार वाजता चहा पितात. चहाबरोबर सुक्या मेव्याचा केक आणि केकवर चीजची जाड चकती. केकवर चीज ठेवून खाणारी माणसं मला उपरा म्हणतात, आता बोला.

गंमत पुढेच आहे. आम्हाला खरंच संपवायचं तर जूनमध्ये, फूल यायच्या आधी उपटायला हवं. पण जूनमध्ये गावाची क्रिकेटची मॅच. जुलैत मेंढ्यांची लोकर कातरायची आणि भाज्या-फुलांचं प्रदर्शन. सुट्टी मिळायची ती थेट ऑगस्टअखेर, आणि तोवर आमच्या शेंगा टच्च भरलेल्या. कुणी हात घातला की आम्ही त्याच्या तोंडावरच फुटायचो. बी पाण्यात, बी बाह्यांत, बी बुटांच्या तळव्यात. लोक हसायचे आणि चहाला जायचे. दर वर्षी आमचा नायनाट व्हायचा आणि दर वर्षी आम्ही वाढायचो. हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, की ध्यानात येऊनही सुट्टीचा सण मोडायचं जिवावर येत होतं, कोण जाणे.

या सगळ्यांचा म्होरक्या रेज सग्डन. निवृत्त पोस्टमन, उंच, हसरा म्हातारा. चहा व्हायचा तो त्याच्या परसात, कारण त्याची बायको थेल्मा केक करण्यात गावात एक नंबर. आणि तीन घरं सोडून राहायची ती रेजची मोठी बहीण बेरिल. बेरिलला दार वाजवायची सवय नाही. भावाचं परस म्हणजे आपलंच, असं धरून ती मागच्या फाटकातून कधीही आत यायची.

गेल्या साली रेज ओढ्यात उतरला तो शेवटचा. तेव्हाच त्याला धाप लागत होती. संध्याकाळी घरी येऊन त्याने मागच्या दाराशी बूट घासले. तिथे चिखल खरवडायला एक लोखंडी पट्टी बसवलेली आहे. त्या पट्टीवर त्याच्या टाचेच्या खाचेतून मी निसटलो, मिऱ्याएवढा काळा दाणा, आणि दोन फरश्यांच्या फटीत जाऊन बसलो. बसलो म्हणायचं आपलं, मला बसवतंय कुठे! थंडी सोसल्याशिवाय आम्हाला कोंब येत नाही. सगळा हिवाळा बर्फ वर आणि मी खाली चुळबुळत. कधी एकदा वर येतो, कधी एकदा वर येतो, दुसरा विचार नाही.

एप्रिलमध्ये मी दोन पानांचा झालो होतो तेव्हाची दुपार. रेज मागच्या पायरीवर ओव्हरकोट घालून ऊन खात बसला होता. फार वाळला होता तो. त्याच्या पायाशी फरशीवर एक राणी भुंगी पडली होती. तुमच्याकडचा लाकूड पोखरणारा काळा भुंगा डोळ्यांपुढे आणू नका. ही तांबूस, केसाळ, लोकरीचा स्वेटर घातल्यासारखी. हिवाळाभर जमिनीखाली उपाशी झोपून नुकती उठलेली, उडायला अंगात त्राण नाही. रेजने आत हाक मारून चमचाभर साखरपाणी मागवलं. या लोकांची ही रीतच आहे. शेजाऱ्याशी चार शब्द बोलताना अवघडतील, पण थकलेला भुंगा दिसला की चमचा घेऊन गुडघ्यांवर येतील.

राणी प्यायली. बराच वेळ जागच्या जागी थरथरली. मग उडाली आणि अवजारांच्या खोपटाखाली जुन्या पोत्यांचा ढीग होता त्यात शिरली. रेजचा चेहरा खुलला.

“तिथेच संसार मांडणार बघ ती,” तो थेल्माला म्हणाला. “उन्हाळाभर तिची पोरं राबतील. शेवटी नव्या राण्या निघतील. बाकीचं सगळं घरटं मरतं थंडीत, त्या राण्या तेवढ्या जमिनीत झोपतात आणि वसंतात वर येतात. तेवढं साधलं तर घर चालू राहिलं. फक्त त्यांना शेवटपर्यंत फुलं मिळायला हवीत.”

थेल्मा रिकामा चमचा घेऊन आत गेली. मग रेजची नजर माझ्यावर पडली. बोटभर उंचीच्या तेरड्याला ओळखणारा गावात तोच एक. त्याने खाली वाकून हात घातला, माझी मान त्याच्या दोन बोटांत आली. संपलं, असं मला वाटलं. आणि त्याने बोटं सोडली. हात कोटाच्या खिशात घातला आणि ओढ्याकडे बघत बसला. का सोडलं ते मला कळलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेल्मा बघत होती, हे मात्र मी पाहिलं.

मे महिन्यात रेज गेला. चॅपल माणसांनी भरलं होतं म्हणतात. बेरिल लोकांसमोर रडली नाही. तिने सगळ्यांसाठी सँडविच केले आणि तिथेच जाहीर केलं की ओढ्याच्या काठावर रेजच्या नावाचा बाक बसवायचा, पितळी पट्टीसकट. आणि बाक बसेल त्या दिवशी या ओढ्यात औषधालाही तेरडा दिसता कामा नये. भावाने आयुष्यभर धरलेलं काम ती पुरं करणार होती. तिने सुट्टीची वाटही पाहिली नाही. घरात बसवेना म्हणून जूनपासूनच रोज सकाळी एकटी काठी घेऊन ओढ्यात उतरायची आणि दिसेल तो तेरडा उपटायची. दुःखाच्या भरात का होईना, आम्हाला वेळेवर उपटणारी ती पहिलीच.

थेल्माचं उलटं झालं. बाग रेजची होती. तिला जॅम करता यायचा, घेवडा शिजवता यायचा, पण पेरायचा कधी हे तिने कधी विचारलंच नव्हतं. या वर्षी घेवडा पेरलाच गेला नाही. कुंडीतली रोपं गोगलगायींनी खाल्ली. जी फुलं होती ती जूनअखेर झडली. आजूबाजूची कुरणं चाऱ्यासाठी कापून झाली होती आणि शेजाऱ्यांची हिरवळ म्हणजे दर शनिवारी हजामत. थेल्मा सकाळी चहाचा मग घेऊन पायरीवर बसायची आणि खोपटाखाली येणाऱ्याजाणाऱ्या भुंग्यांकडे बघायची. मग उठायची, बागेत फेरी मारायची, परत येऊन बसायची. तिलाही बसवत नव्हतं. आमचं त्या बाबतीत जुळलं.

मी तोवर तिच्या कमरेला लागलो होतो. तिला मी कोण ते चांगलं ठाऊक होतं. इतकी वर्षं मला उपटणाऱ्यांना चहा पाजला होता तिने. एका सकाळी ती आली आणि तिने माझ्या बुंध्याला हात घातला, अगदी नवऱ्यासारखाच. आणि तसाच सोडला.

“राहा,” ती म्हणाली. “पण शहाण्यासारखा राहा.”

शहाणपण आणि मी! पण तिने मागितलं तसं कुणी माझ्याकडून कधी काही मागितलंच नव्हतं. सगळ्यांना मी नको, एवढंच ऐकत आलेलो. मला त्या एका वाक्याने चेव आला. दिवसाला बोटबोट वाढलो. दांडा लाल, रसरशीत, आणि जुलैच्या मध्यावर पहिलं फूल.

भुंगे आले. काय सांगू तुम्हाला! माझं फूल म्हणजे इथल्या पोलिसाच्या उंच टोपीसारखा खोलगट पेला. भुंगा आत घुसला की नुसतं बूड बाहेर राहतं. आत पोटभर मध, आणि निघताना छतावरचा पराग पाठीवर लागतो. पाठ पांढरी करून, पीठगिरणीतून आल्यासारखे ते खोपटाखाली जायचे आणि लगेच परत यायचे. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं तुम्ही म्हणता. तो त्या पाटावरच्या भावाचा असेल. माझा रंग थंडीपर्यंत टिकतो. सगळ्या गावाची फुलं सरल्यावर मीच उरतो. थेल्मा पायरीवर बसून बघायची आणि रेज गेल्यानंतर पहिल्यांदा तिने आपल्यासाठी केक केला.

बेरिलपासून मला लपवायचं कसं, हा घोर होता. थेल्माने युक्ती काढली. माझ्यासमोरून कपडे वाळत घालायची दोरी जाते. तिच्यावर ती रोज पलंगाची मोठी चादर घालायला लागली. मी वाढेन तशी दोरीखालची टेकणकाठी उंच करायची. बेरिल फाटकातून आली की चादरीच्या अलीकडे ती आणि पलीकडे मी, श्वास रोखून.

“रोज कसल्या चादरी धुतेस गं?” बेरिलने एकदा विचारलंच. “एकटी तर झोपतेस.”

थेल्मा म्हणाली की घाम येतो. यॉर्कशरमध्ये घाम! बेरिलने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि विषय सोडला.

पण दुसऱ्याच एका गोष्टीने बेरिलची झोप उडवली. तिला भुंग्यांच्या पांढऱ्या पाठी दिसल्या. असली पाठ तेरड्याशिवाय होत नाही, हे तिला भावानेच शिकवलं होतं. म्हणजे ओढ्यात कुठेतरी एक तेरडा राहिला होता. मग काय विचारता! सकाळी काठी घेऊन वरच्या अंगाला, दुपारी खालच्या अंगाला. पुलाखाली वाकून बघ, काटेरी झुडपांत शिर. दमून थेल्माच्या परसात यायची, चादरीला पाठ लावून खुर्चीवर बसायची आणि म्हणायची, “कुठे दडलाय मेला, सापडत नाही.” माझी पानं तिच्या अंबाड्यापासून हातभर लांब. मला हसू यायचं आणि भीतीही वाटायची. थेल्मा तिला चहा द्यायची आणि जाता जाता चादरीची कड सारखी करायची.

ऑगस्ट लागला आणि मला शेंगा धरल्या. इथून माझी खरी तळमळ सुरू झाली. ओढा बागेच्या टोकाशीच. माझी एक शेंग फुटली असती तरी दाणे पाण्यात गेले असते आणि रेजच्या ओढ्यात पुन्हा आम्हीच झालो असतो. थेल्माला ते ठाऊक होतं. तिला फुलं हवी होती, बी नको होतं. म्हणून ती रोज सकाळी येऊन एकेक कोवळी शेंग हळूच खुडायची, अ‍ॅप्रनच्या खिशात टाकायची आणि आत नेऊन उकळत्या पाण्यात सोडायची.

मला वाईट वाटायचं का? वाटायचं, सरळ सांगतो. मी जगतो एकाच उन्हाळ्यासाठी आणि तो संपताना मला फुटायचं असतं, बस. पाना-फुलांची सगळी उठाठेव त्या एका फटकाऱ्यासाठी असते. आणि ही बाई, जिच्यासाठी मी उभा होतो, तीच रोज माझी पोरं खुडून नेत होती. तिच्यावर राग धरायला जावं तर भुंगा फुलात शिरायचा आणि तिच्या चेहऱ्यावर हसू यायचं. माझ्याने राग धरवत नसे. पण खालच्या एका मोठ्या पानामागे एक शेंग तिच्या नजरेतून सुटली होती. ती मी जिवापलीकडे जपली.

सुट्टीचा सोमवार उजाडला. ओढा जवळजवळ साफच होता. पार वर, बेरिलची काठी पोचली नव्हती तिथे काही चुकार तेरडे उभे होते ते गावाने हसतखेळत उपटले. बाक बसला. चार वाजता सगळे चिखलाच्या बुटांनी थेल्माच्या परसात आले. केक कापला गेला. आणि पावसाचे चार थेंब पडले.

आता या लोकांचं असं आहे की आकाश कोसळलं तरी चहा सोडणार नाहीत, पण दोरीवर कुणाचेही कपडे दिसले की पहिल्या थेंबाला धावतील. बेरिल सगळ्यांत जवळ होती. कप खाली ठेवून ती उठली आणि भावजयीचे कपडे भिजू नयेत म्हणून तिने चादरीचे चिमटे काढले. चादर तिच्या हातात आली आणि समोर मी, तिच्याहून वीतभर उंच, नखशिखांत गुलाबी.

बेरिलने चादर घडी करून खुर्चीवर ठेवली. मग हातमोजे चढवले आणि मला दोन्ही हातांनी धरलं.

“बेरिल, थांब,” थेल्मा म्हणाली.

“त्याच्या घरात? त्याच्या बाकाच्या दिवशी? तुला लाज कशी वाटली नाही थेल्मा?”

थेल्माला मोठ्याने बोलायची सवय नाही, पण त्या दिवशी ती बोलली. चमच्याचं, राणीचं, खोपटाखालच्या घरट्याचं, सगळं सांगितलं. बागेत दुसरं काही फुललेलं नाही, नव्या राण्या अजून निघायच्या आहेत, आज हे झाड गेलं तर घरटं उपाशी मरेल. “त्याच्या हातचं तेवढंच चालू आहे या घरात,” ती म्हणाली. “बाकी सगळं बंद पडलं. मला ते वसंतापर्यंत न्यायचंय. मग मला काही नको.” आणि मग रेजने माझी मान धरून सोडली होती, तेही सांगितलं.

“त्याला वाकता येत नव्हतं गं,” बेरिलचा आवाज खाली आला. “धाप लागायची. म्हणून राहिला हा.”

“हात पोचला होता त्याचा. मी खिडकीत होते.”

“नव्हतं येत वाकता,” बेरिल पुन्हा म्हणाली. पण तिने मला उपटलं नाही, नुसतं धरून ठेवलं. मग तिची नजर खाली गेली. “आणि हा इथे आला कसा? ओढ्यापासून इतका वर?”

माझ्या बुंध्याशी ती लोखंडी पट्टी होती. पट्टीशेजारी रेजचे गमबूट अजून उभे होते. थेल्माने ते हलवले नव्हते. बेरिलने पट्टी पाहिली, मग ते बूट पाहिले. मग खुर्चीवर बसली, आपला उजवा पाय मांडीवर घेतला आणि चहाच्या चमच्याच्या दांड्याने बुटाचा तळवा खरवडला. चिखलाबरोबर काळे दाणे बशीत पडले. दुसरा बूट खरवडला. आणखी दाणे. शेजारच्याने आपला पाय उचलून पाहिला, मग त्याच्या शेजारच्याने. केक हातात तसाच राहिला सगळ्यांच्या.

“म्हणजे इतकी वर्षं आपणच...” बेरिल म्हणाली आणि तिने चमचा बशीत टाकला.

तिने सगळ्यांना घरी पाठवलं. जाताना प्रत्येकाला दारात बूट खरवडायला लावले आणि माती एका बादलीत गोळा केली. मग एकटी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता. पण ती थेल्माला म्हणाली, “राण्या निघायला किती अवकाश आहे?”

“थंडीच्या आत निघतात म्हणाला होता.”

“मग शेंगा एकटीने व्हायच्या नाहीत तुझ्याने. वरच्या तुला दिसत पण नाहीत.”

दुसऱ्या दिवसापासून दोघी नणंदा-भावजया सकाळी माझ्यापाशी. बेरिल स्टुलावर, थेल्मा खाली. बेरिल माझ्या वैरातच मुरलेली. तिने रेजचा जुना लोकरी मोजा आणला. शेंगेवर मोजा चढवायचा आणि आतल्या आत मोडायची, म्हणजे फुटली तरी दाणा बाहेर नाही. मला शिव्या देत देत ती हे करायची. थेल्मा तिला म्हणायची, हळू, भुंगा आहे आत. तेव्हा बेरिल हात आवरून भुंगा निघायची वाट बघायची. त्या वाट बघण्यातच दोघींचं बोलणं व्हायला लागलं. लहानपणी रेज बहिणीच्या सायकलवर पत्रं वाटायचा खेळ खेळायचा, हे थेल्माला तेव्हा कळलं. तो शेवटी काहीच खात नव्हता, फक्त जॅम चाटायचा, हे बेरिलला तेव्हा कळलं. क्रिकेटवाल्यांनी कुरकुर केली तरी पुढच्या सालापासून उपटणी जूनमध्येच, हेही माझ्यासमोरच ठरलं. मी ऐकून घेतलं, काय करणार?

सप्टेंबर सरला. सकाळी गवतावर दव राहायला लागलं. भुंगे कमी झाले, जे उरले त्यांचे पंख फाटलेले. दोघी अस्वस्थ. मी तर कधीचाच. आणि मग एका उन्हाच्या सकाळी पोत्यांच्या ढिगातून एक मोठी, कोरी करकरीत, दाट केसांची भुंगी बाहेर आली. माझ्या एका फुलात शिरली, प्यायली, पांढरी पाठ घेऊन बागेवर चक्कर मारली आणि भिंतीपलीकडच्या शेवाळलेल्या बांधाकडे गेली. तिच्यामागून दुसरी. मग तिसरी.

दोघी पायरीवर उभ्या होत्या. थेल्मा रडत होती आणि हसत होती. राण्या दिसेनाशा झाल्यावर बेरिल पायरीवर बसली.

“त्याला वाकता येत होतं, थेल्मा,” ती म्हणाली. “त्याच आठवड्यात माझा गुडघा सुजला होता. त्याने खाली वाकून माझ्या बुटाची नाडी बांधून दिली होती.”

थेल्माने तिचा हात धरला. मग बेरिलने नाक पुसलं आणि माझ्याकडे वळली, कारण मला राण्या निघेपर्यंतच ठेवायचं ठरलं होतं आणि शब्द म्हणजे शब्द. तिने खालची पानं बाजूला केली. पानामागची ती शेंग तिला दिसली. फुगून टणटणीत झालेली, मी इतके दिवस जपलेली. मोजा आत राहिला होता. तिने दोन्ही हातांची ओंजळ शेंगेभोवती धरली आणि माझ्याने राहवलं नाही.

फुटलो. एकदाचा फुटलो! तिच्या ओंजळीतच, पण फुटलो. तिने दचकून हात मिटले, मग हळूच उघडले. तळव्यावर काळे दाणे. तिने ते पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि सगळे तोंडात टाकून कडाकड चावले.

“अक्रोडासारखं लागतंय,” ती म्हणाली. “इतकी वर्षं उपटतोय, कुणी चाखूनच पाहिलं नाही. रेजला सांगायला हवं होतं.”

मला उपटलं ते थेल्माने. बेरिल नुसती सांगत होती, खालून धर, सरळ ओढ. मी अजिबात अडून बसलो नाही. आमची मुळं तशीही उथळच.

आता मी फरशीवर आडवा पडलोय, मुळं वर करून, कमरेत मोडलेला. पानं मलूल झाली आहेत. माझ्या अंगावर एकही शेंग नाही, माझं एकही बी कुठे पडलेलं नाही. आता जवळ आलात तरी चालेल. फुटायचं काही उरलं नाही आणि जन्मात पहिल्यांदा मला स्वस्थ वाटतंय. मागच्या वर्षीच्या त्या फटीत आता नुसती माती आहे.

तुमच्यापैकी कुणी वसंतात त्या गावी गेलात तर थेल्माच्या मागच्या पायरीकडे एकदा बघा. एखादी तांबूस राणी थकून पडलेली असेल तर आत हाक मारा, चमचा तयार असतो. आणि ओढ्यावर जाऊन आला असाल तर बूट तिथेच खरवडून या, घरी नको.